दोन धन्यांचा चाकर : फिरत्या एंजिनाचें तेल

तेलाचें काम काय, असें विचारलें असतां शाळेंतला लहान मुलगाहि उत्तर देईल, कीं तें दिव्यांत जळतें आणि चाकास घातलें असतां चाक सुलभ फिरतें. हीं दोन कामें परस्परांहून अगदीं भिन्न आहेत. दिव्याचें तेल जळून नाहींसें व्हावें व मागें काजळी राहूं नये, हा त्याचा गुण. आणि चाकाचें तेल मुळींच जळूं नये, उष्णतेंतहि टिकून राहावें, हा त्याचा गुण. म्हणून शहाणा गृहस्थ दिव्याचें तेल निराळें व वंगण निराळें ठेवतो. परंतु मनुष्याच्या कल्पकतेनें एक असें यंत्र निर्माण केलें आहे, कीं ज्यांत एकाच तेलास हीं दोन्ही कामें एकाच वेळीं करावीं लागतात. तें यंत्र म्हणजे ‘रोटरी’ अथवा फिरतें एंजिन होय. आणि त्यास टर्बोचार्जराची जोड मिळाली म्हणजे तर तेलाची कसोटीच लागते. अशा वेगवान् गाडीस कोणतें तेल घालावें हा प्रश्न वरवर पाहतां गाडीवाल्यांचाच दिसतो. पण त्यांत पदार्थविज्ञानाचे व रसायनशास्त्राचे धडे इतके भरलेले आहेत, कीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस तो रुचेल अशी आम्हांस आशा आहे.

सामान्य मोटारीच्या एंजिनांत दट्ट्या नळकांड्यांत वरखालीं धांवतो. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरून बनलेलें पहिलें फिरतें एंजिन जर्मनींतील एनएसयू या कारखान्यांत १९५७ सालीं चालूं झालें. त्यांत दट्ट्या नाहीं व झडपाहि नाहींत. कमरेशीं किंचित् आंवळलेल्या लंबवर्तुळासारखी एक पोकळी असते, व तींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याचीं तिन्ही टोकें पोकळीच्या भिंतीस सदैव लागून राहतात, त्यामुळें पोकळीचे तीन कप्पे पडतात. रोटर फिरेल तसतसा प्रत्येक कप्पा लहानमोठा होतो, आणि त्यांत मिश्रण आंत घेणें, तें दाबणें, पेटविणें व धूर बाहेर टाकणें या चार क्रिया अनुक्रमानें घडतात. रोटराचा एक फेरा होतो तेवढ्यांत मधल्या आंसाचे तीन फेरे होतात.

एका कप्प्यांतील वायु दुसऱ्या कप्प्यांत शिरूं नये म्हणून रोटराच्या प्रत्येक टोकाशीं खांचेंत एक बारीक पट्टी स्प्रिंगेवर बसविलेली असते. हिला ‘एपेक्स सील’ म्हणतात. आपण तिला टोकाची पट्टी म्हणूं. सगळ्या एंजिनाचा जीव या पट्टींत आहे. हें म्हणणें अतिशयोक्तीचें नव्हे, हें एनएसयूच्या इतिहासावरून कळून येईल. त्या कारखान्यानें १९६७ सालीं ‘आरओ ८०’ नांवाची गाडी काढली. ती इतकी नांवाजली गेली, कीं पुढच्याच वर्षाचा ‘युरोपची सर्वोत्तम मोटार’ हा मान तिला मिळाला. परंतु टोकाच्या पट्ट्या लवकर झिजूं लागल्या. हमी दिलेली असल्यामुळें एंजिनें बदलून देतां देतां कारखाना जेरीस आला, आणि १९६९ सालीं तो फोक्सवागनच्या छत्राखालीं ऑडीशीं जोडला गेला. बोटभर पट्टीनें एवढा कारखाना नमविला!

जपानांतील हिरोशिमाच्या माझ्दा कारखान्यानें हेंच एंजिन बनविण्याचा परवाना घेतला, तेव्हां त्यांच्याहि पदरीं तोच अनुभव आला. पट्ट्या थरथरत व पोकळीच्या भिंतीवर ओरखडे पाडीत. तेथील कामगारांनीं त्यांस ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असें नांव दिलें होतें. केनिची यामामोतो यांच्या हाताखालीं ४७ एंजिनियरांनीं वर्षानुवर्षें खपून कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी तयार केली, आणि १९६७ सालीं ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही गाडी बाहेर पडली. पुढें १९७८ सालीं ‘आरएक्स-७’ आली. तिची तिसरी पिढी १९९१ पासून २००२ पर्यंत निघत होती. तिच्यांत दोन रोटरांचें, १३०८ घन सेंटिमीटर मापाचें एंजिन व एकापाठोपाठ कामास लागणारे दोन टर्बोचार्जर होते. १९९१ च्या जून महिन्यांत फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत माझ्दाच्या चार रोटरांच्या गाडीनें जिंकली. तो मान मिळविणारी ती पहिली जपानी गाडी होय. आम्ही पुढें जें सांगणार आहों, तें मुख्यत्वें या टर्बोवाल्या आरएक्स-७ गाडीस उद्देशून आहे.

आतां या एंजिनांत तेलास कोणकोणतीं कामें करावीं लागतात तें पाहूं. पहिलें काम नेहमींचें. आंस ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांत तेलाचा पातळ पापुद्रा राखून धातूस धातु लागूं न देणें. दुसरें काम थंडावा देण्याचें. एंजिनाच्या बाहेरच्या कवचांतून पाणी खेळतें, पण आंत फिरणाऱ्या रोटरापर्यंत पाणी पोंचत नाहीं; आंसांतील बारीक छिद्रांतून उडणारें तेलच रोटरास आंतून थंड करतें. म्हणूनच या गाड्यांस तेल निवविण्याकरितां निराळी जाळी बसविलेली असते. तिसरें काम टर्बोचार्जराचें. टर्बोचार्जर म्हणजे एंजिनांतून वेगानें बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर फिरणारें चक्र. त्याच आंसावरचें दुसरें चक्र हवा दाबून एंजिनांत कोंबतें. हा आंस मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो, आणि त्याचें एक टोंक तर भट्टीसारख्या तापलेल्या धुराशेजारींच असतें. त्यास तरंगत ठेवणारें तेंहि हेंच एंजिनाचें तेल.

चौथें काम मात्र विलक्षण आहे. टोकाच्या पट्ट्या कोरड्या भिंतीवर घांसूं नयेत म्हणून एक लहानसा पंप एंजिनाच्या तेलपात्रांतून थोडें थोडें तेल उचलून ज्वलनाच्या मार्गांत सोडतो. तें पट्ट्यांस वंगण देतें व पेट्रोलाबरोबर जळून जातें. इतर गाड्यांत तेल घटूं लागलें तर तें रोगाचें चिन्ह समजतात. या गाडींत तें मुळींच घटत नसेल तर काळजी करावी, कारण मग तो पंप बिघडला असण्याचा संभव असतो.

दोन धन्यांची चाकरी किती कठीण, हें शुभवर्तमान वाचणाऱ्यांस सांगावयास नको. येथें तेलाची तीच स्थिति होते. टर्बोचार्जर म्हणतो, ‘कितीहि तापलें तरी टिकून राहा.’ टोकाची पट्टी म्हणते, ‘माझें काम होतांच निर्मळ जळून जा.’ आजच्या एंजिन-तेलांत मळ धुऊन काढण्याकरितां कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचीं संयुगें, आणि झीज टाळण्याकरितां जस्ताचीं संयुगें मिसळलेलीं असतात. तेलपात्रांत हीं फार उपयोगी पडतात. पण तेल जळतें तेव्हां धातु जळून नाहींशा होत नाहींत, त्यांची राख मागें राहते. ही राख व काजळी खांचेंत सांचली म्हणजे पट्टी अडकून बसते. ती भिंतीस नीट टेकत नाहीं, दाब गळूं लागतो, व एंजिनाचा जोर हटतो. शिवाय जस्ताचा मोठा उपयोग झडपा उघडणाऱ्या भागांच्या रक्षणाकडे होतो, आणि हे भाग तर या एंजिनांत नाहींतच. म्हणून तेल घेतांना त्यांत सल्फेटेड राखेचें प्रमाण किती, हें पाहणें अगत्याचें आहे. युरोपांतील ‘सी-३’ या वर्गाच्या तेलांत ही राख शेंकडा ०.८ हून अधिक नसावी असा नियम आहे. पुष्कळ साध्या तेलांत ती याहून जास्त असते.

यावरूनच खनिज तेल कीं सिंथेटिक तेल, हा जुना वाद उत्पन्न झाला. सिंथेटिक तेल उष्णतेस अधिक टिकतें, म्हणून टर्बोचार्जरास तें मानवतें. परंतु जें उष्णतेस टिकतें तें निर्मळ जळेल काय, अशी शंका पुष्कळांस आली, व माझ्दा कारखान्यानेंहि अमेरिकेंत कित्येक वर्षें सिंथेटिक तेलाची शिफारस केली नाहीं. पुढें जपानांतील इदेमित्सु कंपनीनें रोटरी एंजिनांत स्वच्छ जळावें अशा हेतूनें बनविलेलें सिंथेटिक तेल विक्रीस आणलें. यावरून एवढें दिसतें, कीं ‘सिंथेटिक’ या एका शब्दावरून निकाल देतां येत नाहीं. तें तेल कोणत्या कामाकरितां बनविलें आहे, हें पाहिलें पाहिजे.

नांवावर भुलण्याचा धोका जुनाच आहे. १९१४–१८ च्या महायुद्धांतील कित्येक विमानांत ‘रोटरी’ म्हणविणारीं एंजिनें असत. त्यांत सबंध नळकांडींच गरगर फिरत, आणि वांकेलच्या एंजिनाशीं त्यांचें साम्य केवळ नांवापुरतें होतें. त्यांत आपल्या परिचयाचें एरंडेल घालीत, कारण तें पेट्रोलांत सहज विरघळत नाहीं. १९०९ सालीं निघालेलें ‘कॅस्ट्रॉल’ हें नांवहि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलें. परंतु एरंडेल तापून चिकट राळेसारखें होतें. तेव्हां ‘रोटरीस एरंडेल चालतें’ असें ऐकून कोणी तें या गाडींत ओतील, तर तो एंजिनाचा घातच करील.

आतां दाटपणाविषयीं. डब्यावर ‘१०-डब्ल्यू-३०’ असे आंकडे असतात. अमेरिकेंतील मोटार-एंजिनियरांच्या संस्थेनें ही वर्गवारी १९११ सालीं सुरू केली. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात् हिंवाळा. पहिला आंकडा थंडींत तेल किती सहज वाहतें तें सांगतो. तो जितका लहान तितकें तेल थंडींत पातळ. दुसरा आंकडा १०० अंश सेल्सिअस उष्णतेस राहणारा दाटपणा दाखवितो; ३० या वर्गाचा दाटपणा ९.३ पासून १२.५ सेंटिस्टोकांच्या आंत, तर ५० या वर्गाचा १६.३ पासून २१.९ सेंटिस्टोकांच्या आंत असावा लागतो. टर्बोवाल्या रोटरी एंजिनांत पेट्रोल सढळ हातानें जातें, व त्याचा कांहीं अंश पट्ट्यांवरून निसटून तेलांत मिसळतो. ताकांत पाणी घालावें तसें तेल पातळ होतें, आणि बेअरिंगांतील पापुद्रा दुबळा पडतो. म्हणून सौम्य हवेंत व साध्या चालींत १०-डब्ल्यू-३० पुरें पडतें. कडक उन्हाळ्याच्या देशांत किंवा शर्यतीच्या मैदानावर पुष्कळ मालक २०-डब्ल्यू-५० पसंत करतात. आणि कॅनडासारख्या देशांतील थंडींत ५-डब्ल्यू-३० योग्य. मात्र जितकें दाट तितकें चांगलें, हा समज चुकीचा आहे. फार दाट तेल थंड एंजिनांत दूरच्या बेअरिंगांपर्यंत पोंचावयास वेळ लावतें, आणि तेवढा वेळ धातूवर धातु घांसते. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका प्रथम वाचावी, व मग हवामान आणि चाल पाहून फेरफार करावा.

दोन धन्यांच्या भांडणावर जाणत्या लोकांनीं एक सोपी तोड काढली आहे; ती म्हणजे दोघांस दोन चाकर देणें. पुण्याजवळ आकुर्डीस तयार होत असे ती बजाजची टू-स्ट्रोक स्कूटर ज्या पालकांनीं चालविली असेल, त्यांस पंपावर पेट्रोलांत तेल घालून घेण्याचा परिपाठ आठवत असेल. तें तेल जळण्याकरितांच बनविलेलें असतें व राख फार थोडी ठेवतें. आरएक्स-७ चे कित्येक मालक दर लिटर पेट्रोलास ४ ते ८ मिलिलिटर या मानानें असेंच तेल टांकींत घालतात. जपानी ‘एफ-डी’ या वर्गाचें तेल याकरितां चांगलें समजतात. कोणी तर पंपासच एक निराळी लहान टांकी जोडून तींतून हें तेल पुरवितात. मग तेलपात्रांतील तेल बेअरिंगांकरितां व टर्बोचार्जराकरितां मोकळेपणीं निवडतां येतें. परंतु पंप काढून टाकून केवळ पेट्रोलांतील तेलावर विसंबणारानें एवढें लक्षांत ठेवावें, कीं एकदां तेल घालावयास विसरल्यास पट्ट्या कोरड्या पडतील.

तेल निवडल्यावर तें सांभाळण्याचे चार नियम आम्ही येथें सांगून ठेवतों :

१. पेट्रोल भरावयास थांबाल त्या प्रत्येक वेळीं पट्टी काढून तेलाची पातळी पाहावी.

२. सुमारें ५,००० किलोमीटरांस तेल व त्याची गाळणी बदलावी. येथें तेल पेट्रोलानें नासतें, म्हणून महागाचें तेल फार दिवस ठेवण्यापेक्षां बेताचें तेल वेळेवर बदललेलें बरें.

३. एंजिन थंड असतां त्यास भरधांव पळवूं नये.

४. जोरानें दौड केल्यावर एंजिन एकदम बंद करूं नये. शेवटचीं कांहीं मिनिटें सावकाश चालवावें. नाहींतर टर्बोचार्जराच्या बेअरिंगांत अडकलेलें तेल तेथल्या उष्णतेनें करपून कोळसा होतें.

हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे, कीं उत्तम तेल म्हणजे सर्व दोषांवर रामबाण औषध नव्हे. हवेचा दाब अवाजवी वाढविला, पेट्रोल कमी पडलें, किंवा पाणी आटून एंजिन तापलें, म्हणजे मिश्रणाचा अवेळीं स्फोट होतो व टोकाची पट्टी क्षणांत तुटते. तिला तेव्हां कोणतेंहि तेल वांचवूं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ‘सर्वांत चांगलें तेल कोणतें?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कामाकरितां चांगलें, कोणत्या हवेंत चांगलें, व कोणाच्या हातीं चांगलें, हें जोडल्यावांचून त्यास उत्तर नाहीं. आणि हें केवळ तेलाविषयींच खरें आहे असें नव्हे. दहा कुमारींच्या दृष्टान्तांत सर्वांजवळ दिवे होते व सर्वांच्या दिव्यांत तेल एकदां होतेंच. शहाण्या त्याच ठरल्या, ज्यांनीं जळणारें तेल संपतें हें ओळखून बरोबर जास्तीचें घेतलें. हें एंजिनहि दिव्याप्रमाणें आपलें तेल जाळीत चालतें. त्याच्या धन्यानें भारी किंमतीचा डबा आणला कीं नाहीं यापेक्षां, त्यानें आज पातळी पाहिली कीं नाहीं, यावरच त्याचें आयुष्य अधिक अवलंबून असतें.