झाकलं मशीन सव्वा लाखाचं?

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी ड्राय बाल्कनी असते. वॉशिंग मशीन, सिलिंडर, गॅस गीझर, केरसुणी, फरशी पुसायची बादली, सगळ्यांचा मुक्काम तिथेच. फर्निचरचं काम काढलं की पहिली फर्माईश येते ती हा सगळा पसारा शटरमागे घालण्याची. हौस रास्तच आहे. पण मशीन म्हणजे डबे-बरण्या नव्हेत, की फळीवर ठेवले आणि दार लावलं. ते पाणी घेतं, पाणी टाकतं, तापतं आणि हादरतं. त्याला नजरेआड जरूर करावं, मात्र हवा, निचरा आणि आपला हात त्याच्यापर्यंत पोहोचायलाच हवेत. म्हणून सुतार टेप घेऊन येण्याआधीच काही समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज : ओटा दोन फुटांचा, मशीनही दोन फुटांचं; बरोबर बसेल.

वस्तुस्थिती : बहुतेक फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंमी रुंद आणि ८५ सेंमी उंच असतात. घोटाळा होतो तो पुढून मागे मोजताना. माहितीपत्रकातला आकडा बऱ्याचदा नुसत्या खोक्याचा असतो. पुढच्या काचेचा फुगवटा आणि मागच्या नळ्या त्यात धरलेल्या नसतात. मशीन भिंतीला टेकवलं की निचऱ्याची नळी दुमडते आणि पाणी आत अडतं. मागे निदान ५ ते १० सेंमी सोडा, पुढे शटर लावायचं असेल तर फुगवट्याचीही जागा धरा. आपल्याकडचे ओटे साधारण ८० ते ८६ सेंमी उंच, त्यातून दगडाची जाडी गेली की ८५ सेंमीचं मशीन खाली जात नाही. म्हणून ओटा बांधायच्या आधी मशीन ठरवा. टॉप लोड असेल तर झाकण उघडायला वर मोकळी जागा लागते. ते ओट्याखाली घालायचा विचारच सोडा.

गैरसमज : मशीनला कसली आलीय हवा? शटर बंद केलं की झालं.

वस्तुस्थिती : धुणं संपल्यावर दाराभोवतीच्या रबरात आणि ड्रममध्ये ओल राहते. शटर लगेच लावलं की तिथे बुरशी धरते आणि पुढच्या खेपेला कपड्यांना कुबट वास येतो. मशीनचं दार किलकिलं ठेवा, शटरला वर-खाली झडपा किंवा जाळी ठेवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतच इतका दमटपणा असतो, की तिथे हे जास्तच सांभाळावं लागतं.

ड्रायर असेल तर गोष्ट आणखी बदलते. व्हेंटेड ड्रायर दमट हवा पाइपातून बाहेर फेकतो. तो पाइप कपाटातच सोडला तर सगळं फर्निचर घामेजतं. कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायर वाफेचं पाणी करून टाकीत किंवा निचऱ्यात सोडतात, पण त्यांनाही भोवताली खेळती हवा लागतेच. यांतला हीट पंप वीज कमी खातो, वेळ मात्र जास्त घेतो. ड्रायरच्या माहितीपुस्तिकांत एक सूचना असते, ती फारसं कोणी वाचत नाही : कुलुपाच्या दारामागे, सरकत्या दारामागे किंवा उलट बाजूला बिजागरी असलेल्या दारामागे ड्रायर असा बसवू नये की त्याचं दार पूर्ण उघडणार नाही.

गैरसमज : सिलिंडर, गीझर, मशीन असं सगळं एकाच कपाटात नीटनेटकं राहील.

वस्तुस्थिती : हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, बंद कपाटात तळाशी साचतो. तिथेच मशीनचं बटण दाबलं गेलं किंवा प्लग काढला, तर एक ठिणगी पुरते. सिलिंडरची जागा वेगळी, हवेशीर, आणि झरोके तळाला हवेत. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका, म्हणून त्याच्यासाठी झरोके वरच्या बाजूला लागतात.

गॅस गीझरचा धोका वेगळा आहे. तो जळताना भोवतालचा ऑक्सिजन वापरतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. मोकळी ड्राय बाल्कनी सरकत्या काचांनी बंद करून आत गीझर तसाच ठेवणं म्हणजे हाच सापळा रचणं. बाल्कनी बंदच करायची असेल तर गीझर आधी तिथून हलवा.

गैरसमज : मरीन प्लाय घेतला, आता पाण्याची चिंता नाही.

वस्तुस्थिती : आयएस ७१० च्या प्लायला ओल चांगली सोसते, हे खरं. पण प्लाय टिकला म्हणून गळती थांबत नाही. उलट शटरमागची गळती खालच्या शेजाऱ्यांच्या छताला डाग पडल्यावरच कळते. नळ चालू ठेवला की पाणी आत घेणाऱ्या नळीवर दिवसरात्र दाब राहतो. म्हणून नळ मशीनच्या मागे नको, शेजारच्या कप्प्यात, हात पोहोचेल असा घ्या, आणि धुणं झालं की बंद करा. फरशीचा उतार नहाणी ट्रॅपकडे हवा. निचऱ्याची नळी साधारण ६० ते १०० सेंमी उंचीवरून नेतात. पुस्तिकेतला आकडा पाहून घ्या. ती फारच खाली सोडली, तर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जातं आणि मशीन भरतच राहतं.

गैरसमज : चौकटीत घट्ट बसवलं की मशीन हादरणार नाही.

वस्तुस्थिती : घट्ट बसवलेलं मशीन चौकटीलाही हादरवतं आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो. दोन्ही बाजूंना थोडी फट हवी. मशीन लाकडी पाटावर न ठेवता थेट फरशीवर ठेवा आणि पाणसळ लावून पाय जुळवा. नवं मशीन उड्या मारत असेल, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढलेत का, हे आधी बघा. एकावर एक रचायचं असेल तर ड्रायर वर, मशीन खाली, आणि मधे कंपनीचा स्टॅकिंग किट. उलट रचना कधीच नको. मशीन जड असतं आणि फिरताना हादरतं.

गैरसमज : कुठलाही प्लग चालेल.

वस्तुस्थिती : पाणी तापवताना फ्रंट लोड मशीन सुमारे २००० वॅट घेतं, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपत नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच.

कपाट तयार झालं की शटर उघडून चार कामं करून बघा : नळ बंद करा, प्लग काढा, मशीनच्या पुढच्या तळातला फिल्टर उघडा, खाली पाणी धरायला थाळी सरकवा. यांतल्या एकाही कामासाठी मशीन ओढावं लागलं किंवा खालची पट्टी उचकटावी लागली, तर सुताराचा शेवटचा हप्ता देण्याआधी ते बदलून घ्या. नंतर तो फोन उचलेलच असं नाही.