नस जगते कशावर?

'पाय बधिर झाला, नस मेली,' असे आपल्याकडे सहज म्हणतात. पण नस जिवंत राहते ती कशावर, हे समजले तर ती वाचवायची कशी हेही कळते.

पायाला संवेदना देणाऱ्या चेतापेशीचे मुख्य अंग पाठीच्या कण्याजवळ असते. तिचा धागा तिथून थेट अंगठ्यापर्यंत, सुमारे एक मीटर जातो. रक्तातून अन्न मिळाले तरी तेवढे पुरत नाही. वाढीच्या काळात अशा पेशीला त्वचेकडून 'तू हवी आहेस' असा निरोप यावा लागतो. हा निरोप म्हणजे 'एनजीएफ' नावाचे प्रथिन.

त्याचा शोध लावणाऱ्यांत रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ही इटलीची ज्यू डॉक्टर होती. 1938 च्या वंशभेदी कायद्यांनी तिला विद्यापीठाची दारे बंद झाली. तिने झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली, शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भावर काम चालू ठेवले. पुढे अमेरिकेत हे प्रथिन सापडले. 1986 मध्ये तिला आणि स्टॅन्ली कोहेन यांना नोबेल मिळाले.

हे प्रथिन धाग्याच्या टोकावरच्या कुलपात किल्लीसारखे बसते. मग आतली प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि निरोप मुख्य अंगापर्यंत पोहोचतो. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची व्यवस्था असते. 'एकेटी' नावाचे प्रथिन ती रोखून धरते. 'इआरके' हे दुसरे प्रथिन वाढीची जनुके चालू करते. एक जगवते, दुसरे वाढवते.

मधुमेहात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि धागे दोन्ही खराब होतात. सर्वांत लांब धागे आधी दुखावतात, म्हणून सुरुवात पायापासून होते.

मग एनजीएफचे इंजेक्शन का देत नाहीत? मधुमेहाच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, पण फायदा दिसला नाही. म्हणून 'नसांच्या ताकदीची सुई' म्हणून कोणी पैसे मागितले, तर आधी सरकारी दवाखान्यात विचारा. तपासणीत बी-12 कमी निघाले तर मात्र ते जरूर घ्यावे.

तुटलेला धागा, मुख्य अंग जिवंत असेल तर, दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंत यायला वर्षाहून अधिक लागते. म्हणून आधीच जपणे स्वस्त.

साखर तपासत राहा. रोज रात्री तळपाय बघा, दिसत नसेल तर घरातल्याला बघायला सांगा. अनवाणी फिरू नका. बधिर पाय गरम पाण्याने शेकू नका, भाजलेले कळत नाही. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर नस वाचते.