फोटो किती मोठा छापायचा, हे आपला डोळा ठरवतो

1930 च्या दशकाच्या अखेरीस सेवाग्रामच्या आश्रमात एक तरुण रोलिफ्लेक्स कॅमेरा घेऊन महात्मा गांधींच्या आसपास वावरू लागला. हा कनू, नारणदास गांधींचा मुलगा, नात्याने बापूंचा चुलत नातू. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी 100 रुपये दिले होते. बापूंनी फोटो काढायला परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, ‘असे बसा, इकडे बघा’ म्हणायचं नाही आणि खर्चासाठी आश्रमाकडे हात पसरायचा नाही. कुटीत येईल तेवढ्याच उजेडात, लोक जसे असतील तसे टिपत कनू गांधी 1948 पर्यंत फोटो काढत राहिले. आज ते फोटो प्रदर्शनांच्या भिंतींवर लागतात.

एवढ्या जुन्या कॅमेऱ्याचे फोटो इतके मोठे होऊ शकतात याचं गुपित निगेटिव्हच्या आकारात आहे. रोलिफ्लेक्सची निगेटिव्ह जवळपास सव्वादोन इंच लांब आणि तेवढीच रुंद. ती इंचाला 2400 ठिपके या हिशेबाने स्कॅन केली, तर प्रत्येक बाजूला सुमारे 5300 ठिपके (पिक्सेल) मिळतात, म्हणजे एकूण 2 कोटी 80 लाख. आपल्या हातातल्या मोबाइलच्या 12 मेगापिक्सेल फोटोत ते 1 कोटी 20 लाख असतात! स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्यात नवा तपशील नसतो, कारण फिल्मला स्वतःचा रवा असतो. तरीही दीड फुटाची सुबक प्रिंट काढायला ही शिदोरी पुरेशी आहे.

दीड फूट हे कसं ठरलं? फोटो स्टुडिओत एक आकडा कायम ऐकू येतो: इंचाला 300 पिक्सेल. 5300 ला 300 ने भागलं की साडेसतरा इंच येतात. पण हा 300 कुठल्या मशीनने ठरवलेला नाही. तो आपल्या डोळ्यांतून आला आहे.

निरोगी नजरेला दोन ठिपके वेगळे दिसायचे, तर त्यांच्यामध्ये निदान एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो. फोटो एक फुटावर धरला, तर हा कोन कागदावर जेमतेम 0.09 मिलिमीटर भरतो. एका इंचात असे सुमारे 286 ठिपके बसतात. म्हणूनच गोळाबेरीज 300. त्याहून दाट छापलं तरी डोळ्याला फारसा फरक कळत नाही. त्याहून बरंच विरळ छापलं, की ‘फोटो फुटला’ असं आपण म्हणतो.

आता खरी गंमत. तुम्ही जितके मागे सराल, तितकी गरज कमी होते. दोन फुटांवरून 150 पुरतात, चार फुटांवरून 75. सोपा नियम असा: 300 ला फुटांमधल्या अंतराने भागा. वर्ध्याच्या बजाज चौकातला फ्लेक्स लोक 30 फुटांवरून बघत असतील, तर इंचाला 10 पिक्सेल भागतात. दहा फूट रुंद फ्लेक्सला मग 1200 पिक्सेलची रुंदी पुरते! साध्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास असते. म्हणजे तोच फोटो चौकात खुशाल चालेल आणि अल्बमच्या 4 बाय 6 इंचालाही शोभेल.

घरात मात्र तोच फोटो घात करतो. आजोबा गेले की घाईघाईने त्यांचा फोटो शोधला जातो. स्वतंत्र फोटो नसतो, लग्नातला ग्रुप फोटो असतो, आणि तोही कुणीतरी पाठवलेला. समजा तो 1600 बाय 1200 पिक्सेलचा आहे आणि त्यात आजोबांच्या वाट्याला 400 बाय 300 पिक्सेल आले आहेत. त्यांचा 16 बाय 12 इंची फोटो केला, तर इंचाला 25 पिक्सेल पडतात. फ्रेम आठ फुटांवरून बघायची म्हटलं तरी जवळपास 37 हवेत. डोळे, मिशी, टोपीची कडा, सगळं पिठात मिसळल्यासारखं होतं.

तोच ग्रुप फोटो ज्याच्या मोबाइलने काढला, त्याच्याकडे तो मूळ 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. त्यात आजोबा 1000 बाय 750 पिक्सेलचे. आता इंचाला 62 पिक्सेल येतात आणि बैठकीच्या समोरच्या भिंतीवर चेहरा व्यवस्थित दिसतो. पण हार घालायला आपण हातभर अंतरावर जातो, तिथे तो मऊ वाटेल. मग फ्रेम 8 बाय 6 इंचांची करा. पिक्सेल दुप्पट दाट होतात आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या परत येतात. मूळ फोटो हललेला किंवा फोकसबाहेर असेल, तर मात्र कुठलंच गणित मदतीला येत नाही.

दोन गैरसमज इथेच दूर करू. फाइलमध्ये इंचाला ‘72’ पिक्सेल लिहिलंय की ‘300’, याने काही बिघडत नाही. ती नुसती चिठ्ठी आहे. एकूण पिक्सेल किती, तेच मोजा. आणि कॉम्प्युटरवर फोटो ताणून पिक्सेल वाढवले, तर वाढतात ते अंदाज. हल्लीची सॉफ्टवेअर चेहरा तुकतुकीत करून देतात, पण ती भुवई आजोबांचीच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

कनू गांधींच्या निगेटिव्ह जपल्या गेल्या, म्हणून आज त्यांचे मोठे फोटो काढता येतात. आपली मूळ फाइल हीच आपली निगेटिव्ह आहे. तेव्हा फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि छापायला देण्याआधी भिंतीपासून बसायच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक स्वतंत्र, जवळून घेतलेला फोटो या आठवड्यातच काढून ठेवा.