चार नळ्यांचा हिशेब

देवगाव रंगारीहून कन्नड गाठायचं, औट्रम घाट उतरून चाळीसगावला जायचं आणि त्याच वाटेने परत घाट चढायचा. एवढ्या प्रवासात पेट्रोल गाडीच्या इंजिनाची सगळी परीक्षा होते. सपाटीला रस्ता मोकळा मिळाला तर काटा सहा हजार फेऱ्यांकडे जातो. घाटात पुढची गाडी रांगत असली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, अडीच-तीन हजार फेऱ्यांवर चढ ओढावा लागतो. 'गाडीला स्टेनलेस स्टीलचा हेडर बसवायचाय, कोणता घेऊ?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी त्याचा रोजचा रस्ता विचारतो. चांगला हेडर, म्हणजे सिलिंडरांचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, इंजिनाला थोडा मोकळा श्वास देतो हे खरं, पण तो मोकळेपणा नेमक्या कुठल्या फेऱ्यांवर मिळणार हे त्याच्या नळ्यांच्या लांबी-रुंदीवर ठरतं. चकाकी आणि आवाज यांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि बहुतेक खरेदी तर या दोन गोष्टींवरच होते.

सिलिंडरातला जळालेला वायू दोन टप्प्यांत बाहेर पडतो. पिस्टन तळाला पोचायच्या आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. आत दाब शिल्लक असतोच, त्यामुळे वायूचा मोठा भाग धडाक्याने बाहेर फेकला जातो. उरलेला वायू वर येणारा पिस्टन ढकलून काढतो. जुन्या गाड्यांच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरांची तोंडं लगेचच एका पोकळीत उघडतात आणि एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र नळी असते. या नळ्या काही अंतर वेगळ्या धावतात आणि मग कलेक्टरमध्ये एकत्र येतात.

खरी करामत त्या अंतराची आहे. व्हॉल्व्ह उघडताच निघालेली दाबाची लाट नळीतून धावते. नळी संपून रुंद जागा लागली की तिचा काही भाग मागे फिरतो, आणि फिरताना दाबाच्या लाटेची ओढीची लाट होते. ही ओढ व्हॉल्व्हपाशी परत येते त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडत असेल, तर कोंडलेला शेवटचा धूर ती खेचून नेते आणि त्यापाठोपाठ ताजं मिश्रण आत येतं. वेळ चुकली तर हीच लाट आडवी येते.

हिशेब करून पाहू. नळी 75 सेंटीमीटरची धरली तर लाटेचं जाणं-येणं दीड मीटर. तापलेल्या वायूत ती सेकंदाला सुमारे 600 मीटर वेगाने जाते, म्हणजे तिला अडीच मिलिसेकंद लागतात. इंजिन 6,000 फेऱ्यांवर असेल तर तेवढ्यात क्रँक 90 अंश फिरतो, 3,000 वर असेल तर 45 अंशच. नळी तीच, लाटही तीच, पण ती व्हॉल्व्हपाशी पोचते तेव्हा इंजिन वेगळ्याच अवस्थेत असतं. म्हणून सगळ्या फेऱ्यांवर सारखा लाभ देणारा हेडर कुणी बनवू शकत नाही. लांब नळ्या खालच्या फेऱ्यांना साथ देतात, आखूड नळ्या वरच्या. 'आयडलपासून रेडलाइनपर्यंत पॉवर' अशी जाहिरात दिसली की तो माल बाजूला ठेवावा.

नळीतल्या लाटांना कामाला लावण्याची युक्ती आपल्या संभाजीनगर जिल्ह्याला नवी नाही. वाळूजला 1985 पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. याच कंपनीने पल्सर आणि डिस्कव्हरच्या बेंड पाइपला, इंजिनाच्या अगदी जवळ, एक छोटी बंद डबी जोडली आणि तिला 'एक्झॉस्टेक' नाव दिलं. लाटांचं येणं-जाणं त्या डबीमुळे बदलतं आणि कमी फेऱ्यांवर टॉर्क सुधारतो. गावोगावच्या मोटारसायकलींवर ती डबी वर्षानुवर्षं आहे. तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही, आणि तिने आवाजही वाढवलेला नाही.

मोटारीच्या हेडरमध्ये दोन घराणी. एकात चारही नळ्या एकदम एका कलेक्टरला मिळतात, त्याला फोर-वन म्हणतात. दुसऱ्यात आधी दोन जोड्या होतात आणि मग त्या जोड्यांची एक नळी, ते फोर-टू-वन. चार सिलिंडरांच्या इंजिनाचा फायरिंगचा क्रम बहुधा 1-3-4-2 असतो. म्हणून जोडी पहिल्या-चौथ्याची आणि दुसऱ्या-तिसऱ्याची लावतात. मग एका जोडीतल्या दोन धक्क्यांमध्ये क्रँकची एक पूर्ण फेरी जाते आणि ते एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. फोर-वनचा जोर वरच्या, अरुंद पट्ट्यात असतो, म्हणून तो शर्यतीला शोभतो. फोर-टू-वन मधला पट्टा भरून काढतो. कन्नडचा घाट, लासूरचा बाजार, संभाजीनगरची वाहतूक हे सगळं त्याच मधल्या पट्ट्यात चालतं. माझा कौल निःशंक फोर-टू-वनला आहे. फोर-वनचा कलेक्टर बऱ्याच गाड्यांत खाली लोंबतो, आणि आपल्याकडच्या गतिरोधकांची उंची सांगायला नको.

व्यासाच्या बाबतीत मात्र लोक हमखास फसतात. मोठी नळी म्हणजे जास्त ताकद हा समज खोलवर रुजलेला आहे. नळी गरजेपेक्षा रुंद झाली की वायूचा वेग पडतो, मागे ओढ राहत नाही आणि खालचा टॉर्क जातो. दीड लिटरच्या इंजिनाला सुमारे 38 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या नळ्या आणि पुढे 50 च्या आसपासची एक नळी पुरते.

आता धातू. बाजारात 'एसएस' या दोन अक्षरांखाली काहीही विकलं जातं. हेडरसाठी नेहमी वापरतात ते 304, त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. त्याच्याच रांगेत दिसायला अगदी तसंच असलेलं 202 असतं. निकेल महाग म्हणून ते कमी करून मँगनीज वाढवलेलं. जिन्याच्या रेलिंगला ठीक, एक्झॉस्टच्या तापाला आणि आम्लयुक्त ओलीला ते कमी टिकतं. लोहचुंबक लावून पारख करणारे इथे चकतात, कारण 304 आणि 202 दोन्हींना चुंबक जवळपास लागत नाही. उलट 409 ला चुंबक पटकन चिकटतं, आणि तरीही ते अस्सल स्टेनलेस आहे. सुमारे 11 टक्के क्रोमियमचं हे पोलाद मोटार कंपन्या स्वतः एक्झॉस्टला वापरतात. वरून ते तपकिरी पडतं, पण वर्षानुवर्षं टिकतं. त्याला हलकं समजू नये.

304 चं एक दुखणं आहे. साधारण 425 ते 850 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ते बराच काळ राहिलं तर त्यातला कार्बन कणांच्या सीमांवर क्रोमियमला पकडून बसतो. त्या रेषांवर गंजापासूनचं संरक्षण जातं आणि पुढे तिथेच चीर पडते. हेडरच्या नळ्या नेमक्या याच तापमानात जगतात. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे 304 एल, ज्यात कार्बन 0.03 टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. दुसरा 321, ज्यात टायटॅनियम घातलेलं असतं आणि ते कार्बनला आधीच बांधून ठेवतं. रस्त्यावरच्या साध्या, टर्बो नसलेल्या गाडीला 304 एल भरपूर झालं. टर्बो किंवा ट्रॅकची गाडी असेल तर 321 वर खर्च करावा.

दुसरं दुखणं प्रसरणाचं. 304 तापल्यावर बिडापेक्षा खूप जास्त वाढतं. 75 सेंटीमीटरची नळी 600 अंशांनी तापली तर सुमारे 8 मिलिमीटर लांबते. आठ मिलिमीटर पट्टीवर पाहा म्हणजे कळेल! दोन्ही टोकं घट्ट बांधलेली असली तर हा ताण वेल्डवर येतो. म्हणून चांगल्या हेडरला कलेक्टरपाशी सरकता सांधा आणि स्प्रिंगा असतात, किंवा पुढे लवचीक जाळीचा तुकडा असतो. यांपैकी काहीच नसलेला हेडर कितीही चकचकीत असो, घेऊ नये.

जोडकामात आपलं शहर कुणाला हार जाणारं नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. वाळूजच्या शेडमध्ये बिअरच्या कारखान्यांसाठी, औषध कंपन्यांसाठी, डेअरीसाठी स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपलाइन बनतात. डेअरीच्या नळ्यांचं माप 38 आणि 51 मिलिमीटर, म्हणजे हेडरला लागतं तेच. त्यांचे तयार बेंड आतून गुळगुळीत असतात आणि वळणावर चेपलेले नसतात. हे काम करणाऱ्या टिग वेल्डरला आतून आरगॉन सोडायची सवय असते. तसा वायू न सोडता वेल्ड केला तर नळीच्या आतल्या अंगाला काळी, खडबडीत, साखरेच्या पाकाच्या खड्यांसारखी पापडी धरते. वरून वेल्ड सुंदर दिसतो आणि आत वायूची वाट अडते, शिवाय चीर तिथूनच सुरू होते. म्हणून हेडर हातात घेतला की फ्लँजच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावा. आतली रेघ सपाट, रुपेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर काम मन लावून झालेलं आहे. 304 ला 308 एल आणि 321 ला 347 ची वायर वापरली का, हेही विचारा. नळीचं मटेरियल सर्टिफिकेट मागायला लाजू नका, त्यावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतीचा क्रमांक, असतो. वाळूजमध्ये धातू तपासणारं पीएमआय यंत्र मिळतं आणि ते काही क्षणांत निकेल-मँगनीजचे आकडे दाखवतं.

फ्लँज आठ ते दहा मिलिमीटर जाड हवी आणि वेल्डिंगच्या वेळी ती जाड पाटाला बोल्टने आवळलेली हवी, नाहीतर ती वाकते. काचेवर ठेवून पाहावी. खालून उजेड दिसला तर गॅस्केट टिकणार नाही.

टर्बोच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. शेंद्र्याच्या कारखान्यातून 2001 पासून स्कोडा बाहेर पडू लागल्या आणि 2004 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली, 1.8 लिटर टर्बो, 150 पीएस. अशा इंजिनात मॅनिफोल्डला टर्बोचं वजन पेलायचं असतं, तेही लालबुंद तापलेल्या अवस्थेत. पातळ नळ्यांचा हेडर तिथे आधाराशिवाय लावला तर तडकतो. रोजच्या वापराला बिडाचा मॅनिफोल्डच बरा. पुढे 2017 ला आलेल्या 230 पीएसच्या आरएसमध्ये तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याभोवती पाणी खेळतं. तिथे हेडर बसवायला जागाच नाही.

तशीच दारं आता बहुतेक नव्या गाड्यांना बंद आहेत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो इंजिनाला चिकटून, अनेकदा मॅनिफोल्डशी एकजीव बसवलेला असतो. तिथे हेडर लावणं म्हणजे कन्व्हर्टर काढून टाकणं, आणि ते मी कुणालाही सुचवणार नाही. तो धूर शेवटी आपल्याच पोरांच्या नाकात जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला मालकाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज-धुराचे निकष मोडले तर पहिल्या खेपेलाच दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना रद्द. नाशिकला रॅलीच्या गाड्या पळतात त्यांचे नियम वेगळे, गावातून शाळेसमोरून जाणाऱ्या गाडीचे वेगळे.

मग हेडर कुणासाठी? 2003 पूर्वीची होंडा सिटी व्हीटेक, जुनी 1.6 ची बलेनो, अशा टर्बो नसलेल्या, वरच्या फेऱ्यांवर खुलणाऱ्या गाड्या ज्यांनी जीव लावून जपल्या आहेत त्यांच्यासाठी. आणि तेही कन्व्हर्टर व पुढचा सायलेन्सर शाबूत ठेवून. शंभरेक पीएसच्या इंजिनात एकट्या हेडरने एक आकडी वाढ मिळते, त्यापेक्षा जास्त सांगणारा थापा मारतो. ऑक्सिजन सेन्सरचं भोक मूळ जागेच्या जवळ, सगळ्या सिलिंडरांचा वायू जिथे पोचतो तिथे हवं. नाहीतर इंधनाचा हिशेब बिघडतो आणि असलेलीही ताकद जाते.

बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत इंजिन पूर्ण थंड असताना नट पुन्हा आवळावेत, कारण गॅस्केट बसते आणि ते सैलावतात. नळ्यांवर कापडी पट्टी गुंडाळायचा मोह टाळावा. ती ओल धरते आणि धातूला आणखी तापवते. स्टेनलेस मुळात बिडापेक्षा कमी उष्णता वाहतं, त्यामुळे मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात रबरी नळ्या आणि वायरिंग वाचवायला आडोशाला पत्र्याची ढाल पुरते.

आणि काढलेला बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये. तेलाचा हात फिरवून, स्टड आणि नटांसह पोत्यात बांधून ठेवावा. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि आरटीओच्या तपासणीला गाडी मूळ रूपातच न्यावी लागते.