गुराख्याचं ऑस्कर

काउबॉय या शब्दाचं मराठी भाषांतर गुराखी. हे भाषांतर मला पहिल्यांदा ऐकवलं ते माझ्या वडिलांनी. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पुण्याच्या अलका टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा पाहून उशिरा घरी आलो होतो. ‘‘कसला सिनेमा?’’ त्यांनी विचारलं. ‘‘काउबॉयचा,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे गुराख्यांचा! ते आपल्या गावी फुकट दिसतात. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं?’’

त्या वयात वडिलांचं म्हणणं पटत नसतं. आमची पिढी ‘मॅकेनाज गोल्ड’नं वेडावलेली. ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ आम्ही पाहिला होता. १९७५ साली ‘शोले’ आला तेव्हा पैसे देऊन बोलावलेली माणसं गावाला दरोडेखोरांपासून वाचवतात ही गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक आहे, अशा ऐटीत आम्ही इतरांना ती समजावून सांगत असू. तीच गोष्ट त्याही आधी जपानच्या कुरोसावानं सांगितली होती, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. आमचा गुराखी उंच, देखणा आणि अबोल होता. त्याच्या कमरेला पिस्तूल असे. त्याला शेण उचलताना मात्र आम्ही एकाही सिनेमात पाहिलं नव्हतं.

पुढे मी बँकेत लागलो आणि ऐंशीच्या दशकात एका ग्रामीण शाखेत माझी बदली झाली. ग्रामीण विकास योजनेतून म्हशींसाठी कर्जं वाटायची, विमा उतरवायचा, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर रजिस्टरात लिहायचा आणि म्हैस मेली तर तोच बिल्ला दाव्यासोबत जोडायचा, ही माझी नोकरी. जनावरांच्या बाजारात माझ्याबरोबर एक म्हातारा गुराखी असे. तो म्हशीला हातही लावत नसे. नुसता जवळून चालत जाई, आणि म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघे. ‘‘साहेब, जनावराला माणूस आधी कळतो. कागद मागून,’’ असं तो म्हणे. जनावर कळणारा माणूस दुरूनही ओळखू येतो, हे मी त्याच्याकडून शिकलो.

हे सगळं सांगतोय ते बेन जॉन्सनसाठी. या नटाला मी अलकात ‘शेन’मध्ये पाहिलं होतं, पण तेव्हा तो लक्षात राहिला नव्हता. अनेक वर्षांनी घरी सीडीवर जॉन फोर्डचा ‘शी वोअर अ येलो रिबन’ (१९४९) पाहत होतो. सिनेमा जॉन वेनचा. पण त्यात टायरी नावाचा एक सार्जंट आहे. तो मॉन्युमेंट व्हॅलीच्या लाल मातीतून भरधाव घोडा फेकत येतो, आणि घोडा कुठे संपतो नि माणूस कुठे सुरू होतो ते कळत नाही. मला एकदम बाजारातला तो म्हातारा आठवला. हा माणूस नट नव्हे, हा खरा गुराखी आहे, असं मी बायकोला म्हणालो. माहिती काढली, तर ते खरं निघालं.

बेन जॉन्सनचा जन्म १९१८ साली ओक्लाहोमा राज्यातल्या फोरेकर या लहानशा गावी झाला. वडील पशुपालनाच्या धंद्यातले आणि रोडिओतले नामांकित विजेते. रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या रोजच्या कामाचीच शर्यत. मुलगा रँचवर रोज एक डॉलरवर राबत होता. १९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य निर्मात्यानं ‘द आउटलॉ’ या चित्रपटासाठी तिथले घोडे विकत घेतले आणि ते पोचवायचं काम बेनकडे आलं. घोडे पोचले आणि त्यांच्याबरोबर गेलेला गुराखी तिथेच राहिला. पहिला चेक तीनशे डॉलर्सचा होता. त्यानंतर मला काठीनं हाकललं असतं तरी मी ओक्लाहोमाला परत गेलो नसतो, असं तो पुढे गमतीनं सांगे. १९४१ साली त्यानं कॅरल जोन्सशी लग्न केलं. तिचे वडील सिनेमांना घोडे पुरवत. म्हणजे सोयरीकसुद्धा तबेल्यातलीच!

पुढची काही वर्षं त्यानं चेहरा न दाखवता काम केलं. हिरोऐवजी घोड्यावरून पडायचं, उधळलेली गाडी हाकायची, असली डुप्लिकेटची कामं. फोर्डच्या ‘फोर्ट अपाची’च्या (१९४८) वेळी तो हेन्री फोंडाऐवजी घोडा फेकत होता. एका प्रसंगात घोडे बिथरले आणि तीन माणसं बसलेली गाडी घेऊन पळत सुटले. जॉन्सननं आपला घोडा मागे घातला आणि गाडी थांबवली. माणसं वाचली. याचं बक्षीस तुला मिळेल, असं फोर्ड म्हणाला. जॉन्सनला वाटलं, असंच आणखी एखादं काम मिळेल. मिळाला तो सात वर्षांचा करार. आठवड्याला पाच हजार डॉलर्स हा आकडा पाचव्या ओळीत होता, त्यापुढे मी वाचलंच नाही, सही करून टाकली, असं तो सांगत असे. कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या करणारी माणसं मी जन्मभर पाहिली, पण इतकी नशीबवान सही दुसरी पाहिली नाही.

मग ‘वॅगन मास्टर’ (१९५०) आला. त्यात एकही बडा स्टार नव्हता, नायक बेन जॉन्सनच होता. हा चित्रपट फोर्डच्या स्वतःच्या आवडत्या चित्रपटांपैकी एक. त्याच वर्षीच्या ‘रिओ ग्रँड’मध्ये जॉन्सन दोन घोड्यांच्या पाठींवर एकेक पाय ठेवून उभ्यानं दौडतो. तिथं डुप्लिकेट नाही, तो स्वतः आहे. पण याच चित्रपटाच्या वेळी त्याचं आणि फोर्डचं बिनसलं. फोर्ड सेटवर माणसांचा पाणउतारा करण्यात तरबेज, आणि जॉन्सन अपमान गिळणाऱ्यांतला नव्हता. त्यानंतर थेट १९६४ च्या ‘शायेन ऑटम’पर्यंत दोघांनी एकत्र काम केलं नाही. ज्याच्या एका शब्दानं आयुष्य बदललं, त्याच्यापासून तो असा दूर झाला.

‘शेन’ १९५३ साली पडद्यावर आला. त्यात जॉन्सन एका उर्मट गुराख्याच्या भूमिकेत आहे. दारूच्या गुत्त्यात तो शेनच्या नव्या शर्टावर व्हिस्की फेकतो आणि पुढे त्याच्याकडून सडकून मार खातो. पण शेवटी हाच माणूस अंधारात येऊन शेनला सावध करून जातो. आपलं काहीतरी बदललंय, एवढंच तो सांगतो. दोन मिनिटांचा प्रसंग, पण सबंध चित्रपटात मनानं बदलणारा दुष्टांच्या गोटातला माणूस तेवढा एकच.

आणि त्याच १९५३ साली, नाव होऊ लागलं असताना, या गृहस्थानं सिनेमा वर्षभरासाठी बाजूला ठेवला आणि रोडिओच्या मैदानात उतरला. प्रकार होता टीम रोपिंग. सुटलेल्या गोऱ्ह्यामागे दोन घोडेस्वार धावतात. एकानं शिंगांत फास टाकायचा, दुसऱ्यानं मागच्या पायांत, आणि हे सगळं काही सेकंदांत. तिथे रिटेक नाही, डुप्लिकेट नाही. घड्याळ आणि जनावर दोघंही चेहरा ओळखत नाहीत. वडिलांसारखं आपल्यालाही हे जमतं का, एवढंच त्याला पाहायचं होतं. जमलं. त्या वर्षीचा तो जगज्जेता ठरला. वर्षाअखेर खिशात तीन डॉलर्ससुद्धा नव्हते. उरली होती ती एक झिजलेली मोटार आणि भडकलेली बायको, असा हिशेब त्यानंच सांगून ठेवलाय. तरीही आपल्याला सर्वांत जास्त अभिमान या विजेतेपदाचा आहे, असं तो शेवटपर्यंत म्हणे.

हा हिशेब मी वाचला आणि पुस्तक मिटून बसलो. २००१ साली बँकेच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत मी राजीनामा दिला तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. कादंबरी लिहायची होती. मुलगी शाळेत, घराचे हप्ते चालू. ‘‘आधी पासबुक दाखवा, मग कादंबरी लिहा,’’ बायको म्हणाली, आणि पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. पहिल्या कादंबरीचं मानधन आलं तेव्हा तिनं चेक दोनदा उलटून पाहिला, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून. मी जगज्जेता झालो नाही. पण आपल्याला हे खरोखर येतं का, हे एकदा रिटेकशिवाय तपासावं असं माणसाला का वाटतं, ते मला कळतं. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा घरचं माणूस भरतं, हेही.

जॉन्सन सिनेमात परतला तो दुय्यम भूमिकांत. पण दुय्यम म्हणजे कमअस्सल नव्हे. सॅम पेकिनपाच्या ‘द वाइल्ड बंच’मध्ये (१९६९) अखेरीस चार माणसं मरणाकडे शांतपणे चालत जातात, त्यांतला एक तो. काळ १९१३ चा. घोड्यांच्या जागी मोटार आलेली. या सिनेमांनी मिरवलेलं ते गुराख्यांचं युग खरं तर जेमतेम वीस वर्षांचं. १८६५ साली यादवी युद्ध संपलं तेव्हापासून काटेरी तार आणि रेल्वे सर्वदूर पोचेपर्यंत. त्यातले अनेक गुराखी कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन होते आणि मजुरी तुटपुंजी. हॉलिवूडनं यातलं थोडंच दाखवलं. मूळ रहिवाशांना तर बहुधा बाण सोडणाऱ्या गर्दीपुरतंच ठेवलं. फोर्डच्या चित्रपटांत मॉन्युमेंट व्हॅलीतले नाव्हाहो लोक अपाची आणि शायेन म्हणून उभे राहिले, अन् प्रेक्षकांना फरक कळला नाही. त्या खोट्यात जे थोडं खरं होतं, ते बेन जॉन्सनच्या मांडीखालच्या घोड्याचं होतं.

मग १९७१ साल. पीटर बोगदानोविच या तरुण दिग्दर्शकाला ‘द लास्ट पिक्चर शो’साठी जॉन्सन हवा होता. टेक्ससमधलं मरत चाललेलं एक गाव. तिथलं थिएटर, हॉटेल आणि बिलियर्डचा अड्डा चालवणारा म्हातारा सॅम. जॉन्सन नको म्हणाला. संवाद फार, आणि त्यात शिव्या. शेवटी बोगदानोविचनं जॉन फोर्डलाच मध्ये घातलं. जॉन वेनचा जोडीदार म्हणूनच जन्म काढायचाय का, असं फोर्डनं विचारलं म्हणतात. जॉन्सननं शिव्या गाळायची परवानगी घेतली आणि काम केलं. पडद्यावर तो जेमतेम दहा मिनिटं आहे. एका तळ्याकाठी बसून तो पोरांना वीस वर्षांपूर्वी इथेच पोहायला आलेल्या एका तरुणीची आठवण सांगतो. ना घोडा, ना पिस्तूल. नुसता एक माणूस बोलतोय आणि ढगांतून ऊन येतंय. पुढे सॅम जातो, आणि गावातलं थिएटर बंद पडतं. त्यातला शेवटचा खेळ एका वेस्टर्नचाच, ‘रेड रिव्हर’चा.

एप्रिल १९७२ मध्ये या दहा मिनिटांसाठी त्याला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. हे याहून भल्या माणसाला मिळालं नसतं, असं तो मिस्कीलपणे म्हणाला आणि सभागृह हसलं. ऑस्कर आणि रोडिओचं जगज्जेतेपद दोन्ही मिळवणारा दुसरा कोणी नाही. तरी तो म्हणे, इथले सगळेच माझ्याहून चांगले नट आहेत, पण बेन जॉन्सनचं काम त्यांच्यातल्या एकालाही जमणार नाही.

८ एप्रिल १९९६ रोजी अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे तो हृदयविकारानं गेला. वय सत्त्याहत्तर. तिथे तो आपल्या वृद्ध आईला भेटायला गेला होता.

माझे वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली. असते तर त्यांना एवढंच सांगितलं असतं की, तुमचं भाषांतर बरोबर होतं. तो गुराखीच होता. तिकीट काढायचं होतं ते त्यासाठीच.