बेचाळीस ऑल आउट: १९७४ चा इंग्लंड दौरा नक्की कुठे बुडाला?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ती वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

रत्नागिरीत आज सकाळपासून धो धो पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्यावरचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

आजचा विषय आमच्या घरातल्या एका कपाटातून सुरू होतो. आजोबांचं जुनं सागवानी कपाट आहे. त्याच्या दाराला आतल्या बाजूने एक चौकोनी डाग आहे, खळ वाळल्याचा. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की इथे काय होतं. ती म्हणाली, "वाडेकरचा फोटो होता. एकाहत्तर साली लावला, चौऱ्याहत्तर साली ओढून काढला." आजोबा अजित वाडेकरांच्याच वयाचे, एखाद्या वर्षाचा फरक असेल. आणि १९७४ चा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य असायचं, "वाडेकराने बुडवलान्." बस. पुढे चर्चा नाही.

आजोबा आता नाहीत. पण परवा कपाट आवरताना तो डाग परत दिसला आणि मला वाटलं, त्या दौऱ्याची स्कोअरकार्डं एकदा नीट बघू. खरंच वाडेकरांनी बुडवलं का? मी काही क्रिकेटचा जाणकार नाही. दिवसभर लॉग वाचून सिस्टीम का पडली ते शोधणं हे माझं काम आहे, तेच इथे केलंय.

आधी थोडं मागे जाऊ, कारण १९७१ समजल्याशिवाय १९७४ ची जखम कळत नाही. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीत मतं समसमान पडली आणि विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कॅप्टन झाले. त्यांनी वेस्ट इंडीजमध्ये सीरिज जिंकली १-०, गावसकरच्या पहिल्याच सीरिजमध्ये ७७४ रन्स. मग इंग्लंडमध्ये १-०, ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ रन्समध्ये ६ विकेट काढल्या आणि इंग्लंड १०१ मध्ये गारद. मग १९७२-७३ ला इंग्लंड आपल्याकडे आलं, तेव्हा २-१. म्हणजे १९७४ च्या दौऱ्यावर निघताना वाडेकरांचा कॅप्टन म्हणून हिशेब होता १३ टेस्ट, ४ विजय, १ पराभव, ८ अनिर्णित. सलग तीन सीरिज खिशात. इंदूरला त्या विजयाची आठवण म्हणून खेळाडूंच्या सह्यांची एक भलीमोठी काँक्रीटची बॅट उभारली होती, यावरून लोकांचा मूड कळेल.

आता दौरा. तीन टेस्ट, तिन्ही हरलो.

पहिली ओल्ड ट्रॅफर्डला, ६ जूनपासून. ही मॅच आपण एवढी वाईट खेळलो नव्हतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. थंडी, पाऊस, आणि त्यात गावसकरची १०१. आबिद अलीने ७१ केल्या. शेवटच्या डावात २९६ हवे होते, १८२ ला संपलो. ११३ रन्सनी हार. याच मॅचमधला तो प्रसिद्ध फोटो आहे, हेंड्रिकच्या बॉलवर मदनलालची ऑफ आणि लेग दोन्ही स्टंप उडाल्यात आणि मधली सरळ उभी.

दुसरी लॉर्ड्सला. इंग्लंड ६२९. अमिस १८८, डेनेस ११८, ग्रेग १०६, एडरिच ९६. बेदीने ६ विकेट काढल्या, पण २२६ रन्स देऊन. उत्तरादाखल गावसकर आणि इंजिनियर यांनी १३१ ची ओपनिंग दिली आणि तिथून आपण ३०२ ला संपलो. फॉलोऑन. शनिवारी दिवस संपताना २ रन्स, एकही विकेट नाही. रविवार सुट्टी. सोमवार, २४ जून, सकाळी ढग भरून आलेले.

आणि मग ते १७ ओव्हर. इंजिनियर शून्य, वाडेकर ३, गावसकर ५, विश्वनाथ ५, ब्रिजेश पटेल १, आबिद अली ३, मदनलाल २, प्रसन्ना ५, बेदी शून्य. चंद्रशेखर जखमी, बॅटिंगला आलाच नाही. एकटा एकनाथ सोलकर नाबाद १८. एक्स्ट्राचीही एक रन नाही. एकूण ४२. क्रिस ओल्ड २१ मध्ये ५, जेफ अर्नोल्ड १९ मध्ये ४. एक डाव आणि २८५ रन्सनी पराभव. आपल्याकडे संध्याकाळचा चहा होतोय तोवर सगळं आटोपलेलं. आजी सांगते की आजोबा त्या रात्री जेवले नाहीत.

तिसरी एजबॅस्टनला. मॅचच्या पहिल्याच बॉलवर गावसकर आउट. आपण १६५, इंग्लंड २ बाद ४५९ डिक्लेअर, त्यात डेव्हिड लॉइड नाबाद २१४. मग आपण २१६. एक डाव आणि ७८.

आता इथे जरा थांबू या. '४२' हा आकडा एवढा मोठा आहे की त्याच्या मागे बाकीचं सगळं झाकलं जातं. आमच्या कामात पण हेच होतं. स्क्रीनवर जो लाल एरर दिसतो तो शेवटचा असतो, खरी भानगड दोन तास आधी झालेली असते.

मी एक साधी बेरीज केली. तीन टेस्टमध्ये इंग्लंडच्या विकेट किती पडल्या? ओल्ड ट्रॅफर्डला ९ आणि ३, लॉर्ड्सला १०, एजबॅस्टनला २. चोवीस. तीन टेस्ट जिंकायच्या तर ६० पाडाव्या लागतात, पडल्या २४. इंग्लंडने एकूण रन्स केल्या १६२९, म्हणजे एका विकेटला जवळपास ६८. आपल्या सहाच्या सहा डावांत मिळून ११५३, एका विकेटला साधारण २०. गंमत म्हणजे लॉर्ड्सचा ४२ चा डाव हिशेबातून काढून टाकला तरी निकाल ३-० च राहतो. तिथे ४२ च्या जागी ३०० केल्या असत्या तरी डावानेच हरलो असतो. कारण आपण ३२७ ने मागे होतो.

म्हणजे आधी बुडाली ती बॉलिंग. का? कारण ती एकाच हवामानासाठी बनवलेली होती. नवीन बॉल कोणाकडे होता बघा: आबिद अली, सोलकर, मदनलाल. तिघेही मध्यमगती. त्यांचं काम बॉलची चकाकी घालवून स्पिनर्सच्या हातात द्यायचं. आणि स्पिनर्स कोण, तर बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. जगातले सर्वोत्तम. पण जूनमधल्या ओल्या, गार इंग्लंडमध्ये बॉल वळत नाही आणि ओल्या आउटफिल्डवर बोटं बधिर होतात.

"मग १९७१ ला कसे जिंकलो?" हा प्रश्न येणारच. मला पण पडला. उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. १९७१ च्या तिन्ही टेस्ट २२ जुलै ते २४ ऑगस्ट दरम्यान झाल्या. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, खेळपट्ट्या सुकलेल्या. १९७४ च्या तिन्ही ६ जून ते ८ जुलै. देश तोच, ग्राउंडं बहुतेक तीच, पण दोन महिन्यांनी खेळ बदलतो. आमच्याकडे एक जोक आहे, "माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं." १९७१ ची टीम ऑगस्टच्या लॅपटॉपवर चालत होती.

आणि अजून एक, जे आजोबांना मी सांगू शकलो असतो तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. १९७१ ला आपण पावसानेही वाचलो होतो. ओल्ड ट्रॅफर्डला ४२० चं लक्ष्य होतं, ३ बाद ६५ वर पाऊस आला आणि शेवटचा दिवस वाहून गेला. लॉर्ड्सला १८३ हवे असताना ८ बाद १४५ होतो, तिथेही पाऊस. (हो, तो पाऊस इंग्लंडलाही वाचवणारा होता, मान्य.) ओव्हलचा विजय शंभर टक्के खरा. पण 'आपण इंग्लंडमध्ये आता राजे' हा त्यातून काढलेला निष्कर्ष कच्चा होता.

बॅटिंगकडे येतो. स्विंग म्हणजे काय ते सड्यावर टेनिस बॉलने खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बॉलच्या एका बाजूला टेप लावायची, दुसरी बाजू केसाळ ठेवायची. गुळगुळीत बाजूवरून हवा लवकर सुटते, खरखरीत बाजूला जास्त वेळ चिकटून राहते, आणि बॉल त्या बाजूला झुकतो. लेदर बॉलमध्ये टेपचं काम शिवण आणि चकाकी करतात. ढगाळ हवेत हे वाढतं असं सगळे खेळाडू सांगतात. का वाढतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण बॅट्समनच्या बाजूने गोष्ट सोपी आहे. बॉल हातातून सुटून पोचायला अर्धा सेकंद. आपल्याकडच्या खेळपट्ट्यांवर वाढलेला माणूस त्यातल्या पहिल्या भागात अंदाज बांधून पाय पुढे टाकतो. इथे बॉल त्यानंतर वळतो. पाय टाकून झालेला असतो, मग एकतर पॅड नाहीतर बॅटची कड. त्या डावाचा हिशेब बघा, दोन एलबीडब्ल्यू, चार झेल, त्यातले तीन विकेटकीपर नॉटकडे, आणि तीन बोल्ड. पुस्तकात छापावा असा स्विंगचा स्कोअर.

सवयीचा किती फरक पडतो याचा पुरावा त्याच टीममध्ये होता. फारूख इंजिनियर. पारशी, मुंबईचा, पण १९६८ पासून लँकेशायर काउंटीकडून खेळणारा. लॉर्ड्सच्या पहिल्या डावात ८६, एजबॅस्टनला टीमच्या १६५ मधल्या ६४ नाबाद. अर्थात ४२ मध्ये त्याचाही शून्य आहे, तेव्हा फार ताणत नाही. पण त्याच उन्हाळ्यात आपल्या पाठोपाठ पाकिस्तान इंग्लंडला गेलं. माजिद, आसिफ इक्बाल, झहीर, मुश्ताक, सगळे काउंटीत मुरलेले, आणि बॉलिंगला सर्फराज नवाझसारखा फास्ट बॉलर. तिन्ही टेस्ट अनिर्णित, अख्ख्या दौऱ्यात एकही मॅच हरले नाहीत.

आणि आपल्याला धुणारं ते इंग्लंड? पाच-सहा महिन्यांत ऑस्ट्रेलियात लिली आणि थॉमसनसमोर ४-१ ने हरलं. रन्स होईनात म्हणून कॅप्टन डेनेस स्वतःच एका टेस्टमधून बाहेर बसला. म्हणजे तेही त्यांच्या लॅपटॉपवरच चालत होते.

मग वाडेकर पूर्ण निर्दोष? नाही. बेदी आणि त्यांचं पटत नव्हतं हे उघड होतं, आणि ड्रेसिंगरूम सांभाळणं हे कॅप्टनचंच काम. बॅटिंगमध्येही तो दौरा त्यांचा नव्हता. बाहेरही सगळं बिनसत गेलं. लंडनला भारताच्या उच्चायुक्तांकडे टीम उशिरा पोचली तर त्यांना परत जायला सांगितलं. सुधीर नाईकवर दुकानातून मोजे उचलल्याचा आरोप आला. चूक झाली, चोरी नाही, असं तो सांगत राहिला. गुन्हा कबूल करून दंड भर म्हणजे विषय मिटेल असा सल्ला त्याला मिळाला, आणि विषय आयुष्यभर मिटला नाही. या माणसाने १९७०-७१ ला, मुंबईचे सगळे स्टार वेस्ट इंडीजला असताना, कॅप्टन म्हणून रणजी जिंकून दिली होती. एजबॅस्टनला पदार्पणात दुसऱ्या डावात ७७ रन्स, टीममध्ये सर्वाधिक. नंतर वर्षानुवर्षं वानखेडेची खेळपट्टी त्याने सांभाळली. आणि लोकांना आठवतात ते मोजे.

वाडेकरांचं काय झालं? १३ जुलैला लीड्सला भारताची पहिलीवहिली वन-डे झाली, कॅप्टन तेच, ६७ रन्स केल्या. ती हरलो, पुढचीही हरलो. परत आल्यावर दुलीप ट्रॉफीसाठी पश्चिम विभागाच्या टीममध्येसुद्धा घेतलं नाही. भारताचा कॅप्टन, विभागाच्या टीममध्ये नाही. त्यांनी निवृत्ती घेतली, वय ३३. इंदूरच्या त्या काँक्रीटच्या बॅटला लोकांनी काळं फासलं. कॅप्टन म्हणून शेवटचा हिशेब १६ टेस्ट, ४ विजय, ४ पराभव. चारातले तीन त्या पाच आठवड्यांतले.

१९ डिसेंबर २०२० ला तो ४२ चा आकडा सुटला. ॲडलेडला आपण ३६. तेव्हा मी वर्क फ्रॉम होम म्हणून इथेच होतो, आजोबा आरामखुर्चीत. योगायोग बघा, तेव्हाही शेवटचा माणूस जखमी, शमी. कोणीच दोन आकड्यांत नाही. त्यानंतर कोहली घरी आला, रहाणे कॅप्टन झाला, मेलबर्नला ११२ मारल्या आणि सीरिज २-१ जिंकली. फरक बॅटिंगच्या जिद्दीत होता असं आपण म्हणतो. असेल. पण मेलबर्नला आपल्याकडे बुमराह होता, सिराज होता. ब्रिस्बेनला सगळे मुख्य बॉलर जखमी असतानासुद्धा २० विकेट काढणारे बॉलर मागून आले. १९७४ ला लॉर्ड्सनंतर मागे वळून बघायला वाडेकरांकडे कोण होतं? अजून एक स्पिनर.

३६ झाल्यावर मी आजोबांना म्हटलं, "बघा, बेचाळीस मोडलं." ते म्हणाले, "हं." थोड्या वेळाने म्हणाले, "वाडेकर असता तर बरं वाटलं असतं त्याला." वाडेकर २०१८ च्या १५ ऑगस्टला गेले होते.

तो डाग मी पुसला नाही, कपाटाला पॉलिश करताना तेवढा भाग सोडायला सांगितलाय. सुताराला काही कळलं नाही, पण सोडला.

तुमच्या घरात कोणी १९७४ चा दौरा रेडिओवर किंवा पेपरातून फॉलो केला असेल, तर त्यांच्या आवाजात एक व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात लावू. आता लाइट जायच्या आत अपलोड करतो.