बारावा खेळाडू घरी बसला तर?

ऑक्टोबर २०२० मधली गोष्ट. तेव्हा आम्ही ह्यूस्टनला राहत होतो. आई-बाबा फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. बाबांना मधुमेह, शिवाय बायपास झालेली. त्यामुळे घरात किराणा आला तरी पिशव्या दोन दिवस गॅरेजमध्ये पडून असायच्या.

अशात मामेभावाचा फोन आला. तो दीड-दोन तासांवर कॉलेज स्टेशन या गावी, टेक्सस ए अँड एम विद्यापीठात एमएस करत होता. "दादा, शनिवारी फ्लोरिडाशी मॅच आहे. माझ्याकडे एक जास्तीचं तिकीट आहे. येतोस?"

कॉलेजची मॅच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गॅदरिंगच्या आधीचे सामने येतात. मैदानाच्या कडेला पन्नास पोरं आणि एक चहावाला. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे जवळजवळ धर्मच. ए अँड एमच्या काइल फील्डची क्षमताच १,०२,७३३. त्यात या विद्यापीठाची परंपरा वेगळी. १९२२ च्या जानेवारीत एका सामन्यात त्यांचे इतके खेळाडू जखमी झाले, की प्रेक्षकांत बसलेल्या किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला गणवेश घालून तयार राहायला सांगितलं. तेव्हापासून तिथला प्रेक्षक म्हणजे संघाचा 'बारावा खेळाडू'. विद्यार्थी पूर्ण सामना उभ्याने पाहतात आणि ठरलेल्या आरोळ्या एका सुरात देतात. असं बोलावणं आल्यावर कोणाचे पाय शिवशिवणार नाहीत?

गंमत म्हणजे बाबाच म्हणाले, "जाऊन ये की. मी काय लोणचं आहे का, हात लागला की बुरशी धरायला?" मोतीबागेत रणजीचे सामने बघत तरुणपण घालवलेला माणूस, दुसरं काय म्हणणार!

एका सामन्याचं गणित

आम्हा इंजिनिअर लोकांना निर्णय घेता आला नाही की आम्ही एक्सेल उघडतो. मीही उघडलं. समजा, हजारात एकच माणूस संसर्ग पसरवू शकेल अशा अवस्थेत आहे. त्याला स्वतःला ते ठाऊक नाही, कारण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा आजार पसरतो. पंचवीस हजार प्रेक्षकांत असे पंचवीस जण आले. माझ्या आसपासच्या, रांगेत, जिन्यावर, स्वच्छतागृहात भेटणाऱ्या शंभर जणांत असा निदान एक असण्याची शक्यता साडेनऊ टक्के. वाटतं, एवढंच ना? पण असे दहा सामने पाहिले की तीच शक्यता ६३ टक्क्यांवर जाते.

अर्थात जवळ असला म्हणजे लागण झालीच असं नाही. सामना उघड्यावर, मोकळी हवा, तोंडाला मास्क. बंद खोलीपेक्षा धोका बराच कमी, हे मान्यच. पण ओरडण्याचं काय? मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा सराव झाला होता. ६१ जण आले होते, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. तो सराव बंद सभागृहात होता हे खरं, पण मोठ्याने गाताना-ओरडताना तोंडातून किती कण हवेत जातात हे जगाला त्यातून कळलं. आणि सामना काही फक्त मैदानात नसतो. चार जण एका गाडीतून जातात, संध्याकाळी बारमध्ये दाटीवाटीने बसतात. खरी गडबड तिथे.

मी गेलो नाही.

१० ऑक्टोबरला काइल फील्डवर २४,७०९ प्रेक्षक होते. ए अँड एमने ४१-३८ असा सामना जिंकला. मामेभाऊ नाचत घरी गेला आणि त्याला काहीही झालं नाही. "बघ दादा, उगाच घाबरलास!" मी हसलो. आमच्या धंद्यात एक धडा लवकर मिळतो. प्रोग्रॅम एकदा नीट चालला म्हणजे त्यात बग नाही असं नव्हे.

दोन बाजू

त्या सामन्यानंतर फ्लोरिडाचे प्रशिक्षक डॅन मलन म्हणाले, की गर्दीचा फरक पडला आणि पुढच्या आठवड्यात आमचंही स्टेडियम नव्वद हजारांनी भरलेलं हवं. त्यांच्या राज्याने तशी परवानगीही दिली होती. पण दोन-तीन दिवसांतच त्यांच्या संघात कोरोना पसरला, एलएसयूशी होणारा पुढचा सामना डिसेंबरवर गेला आणि खुद्द मलन पॉझिटिव्ह आले. प्रेक्षकांमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. पण सततच्या चाचण्यांच्या पहाऱ्यात असलेल्या संघाची ही गत, तर तिकीट काढून आलेल्या हजारोंचा हिशेब कोण ठेवणार?

पुढच्याच महिन्यात नोत्र दामने क्लेमसनला हरवलं, तेव्हा मोजक्याच म्हणून आत सोडलेले हजारो विद्यार्थी आनंदाच्या भरात थेट मैदानावर उतरले. अंतर ठेवून केलेली आसनव्यवस्था एका क्षणात मोडली. नियम खुर्च्यांना लावता येतात, जल्लोषाला नाही.

दुसरी बाजूही खोटी नव्हती. फुटबॉलच्या पैशावर तिथल्या विद्यापीठांचे पोहणं, कुस्ती, टेनिस असे कितीतरी खेळ चालतात. त्या वर्षी स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेही अकरा खेळ बंद करण्याची घोषणा केली होती, पुढे ती मागे घेतली. आणि महिनोन्‌महिने खोलीत लॅपटॉपसमोर कोंडलेल्या विशीतल्या मुलांना चार तास मोकळं ओरडावंसं वाटलं, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

तरी मला बिग टेन या गटाचा मार्ग पटला. त्यांनी आधी मोसम पुढे ढकलला, मग ऑक्टोबरच्या शेवटी सुरू केला तो सामान्य प्रेक्षकांना तिकिटं न विकता. खेळाडूंच्या घरच्यांना तेवढी मुभा दिली. ज्या पोरांना तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे खेळाचा पगार नव्हता, त्यांच्या आईबापांनी गॅलरीत बसावं, हे न्याय्यच. बाकीच्यांनी टीव्हीवर पाहावं.

कारण "माझा धोका मी घेतो" हे वाक्य साथीत अर्धंच खरं असतं. तिकिटावर माझं एकट्याचं नाव असतं, पण मैदानातून मी जे घेऊन येईन ते बाबांपर्यंत जाणार, आणि त्यांनी कुठलंच तिकीट काढलेलं नव्हतं.

आपल्याकडेही

त्याच महिन्यात काकूंचा बडोद्याहून फोन आला. "यंदा गरबा नाही रे. सरकारने बंदच ठेवलाय." गरब्याशिवाय बडोद्याची नवरात्र! तरी गावाने ते सोसलं. मग मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या दोन टी-ट्वेंटीला साठ हजारांच्या वर लोक आले आणि रुग्ण वाढताच उरलेले तीन सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. तोवर आम्ही बडोद्याला परतलो होतो. मित्राकडे तिकिटं होती. या वेळी एक्सेल उघडावं लागलं नाही.

किंग गिलच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. त्याला त्या दिवशी मैदानात उतरावंच लागलं नाही. तो शेवटपर्यंत तयारीत उभा राहिला, एवढंच. तेवढ्यावर त्याचं नाव शंभर वर्षं टिकलं.

१४ फेब्रुवारी २०२५ ला कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना होता. मी बाबांना घेऊन गेलो. ऋचा घोषने २७ चेंडूंत नाबाद ६४ धावा कुटल्या आणि बेंगळुरूने २०२ धावांचं लक्ष्य गाठलं. आपलं गुजरात हरलं. बाबांचा घसा मात्र दोन दिवस बसला होता, आणि आई त्यांना हळदीचं दूध देता देता म्हणत होती, "या वयात एवढं ओरडतात का?"